शंभर रात्री राखलेला खडक

प्रिय आई,

बोटीने पाठवलेली दालोच्या कंदांची टोपली मिळाली. दोन कंद खोलीतल्या मुलींना दिले, बाकीचे नारळाच्या दुधात शिजवून तीन दिवस पुरवले. इथे सुवा शहरात पाऊस आहे, माझी तब्येत ठीक आहे.

आपिसाईमामांचा फोन आला होता. शनिवारच्या गावसभेत पूर्वेचा उथळ खडक मासेमारीला पाच वर्षांसाठी बंद करायचं ठरणार म्हणे. गावाचा कारभार त्यांच्याकडे, त्यामुळे भलतेच खुशीत होते. "आमच्या पोरीने आकड्यांनी दाखवलंय, आता कोण नाही म्हणेल?" तू आणि बाकीच्या बायका ओहोटीला तिथेच शिंपले आणि ऑक्टोपस धरता, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "बायका काय, लांब जातील." होडीशिवाय लांब म्हणजे कुठे, हे त्यांनाही ठाऊक आहे. तो खडक बंद झाला तर आपल्या घरात रोजचं कालवण कुठून यायचं?

ते आकडे माझे. जुने प्रमुख वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे उत्तरेचा खडक मासेमारी बंद ठेवून शंभर रात्री राखला. तो उघडून प्रमुखांच्या शंभराव्या रात्रीच्या गावजेवणासाठी मासेमारी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी पाण्यात उतरून मोठे शिंपले मोजले. शेजारच्या उघड्या खडकापेक्षा तिप्पट निघाले. मी लिहिलं, बंद ठेवल्यामुळे तिप्पट झाले. माझा पहिला अहवाल, त्यावर माझं छापलेलं नाव. मी तो मामांना वाचून दाखवला तेव्हा तू बायकांबरोबर खोबरं किसत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "शंभर रात्रींत शिंपला ताटाएवढा होतो होय गं? आणि जिथे मुळात जास्त असतात तोच खडक आपण राखतो. प्रमुखाच्या जेवणाला ओसाड खडक राखायचा का?" बायका हसल्या. मी म्हणाले, "आई, हे शास्त्र आहे, तुला नाही कळायचं." तू पुन्हा किसायला लागलीस.

इथे परत आल्यावर तीन आठवडे मी तुला द्यायची उत्तरं लिहीत होते. नऊ पानं झाली. प्रत्येक उत्तर मला बरोबर ठरवणारं होतं, आणि त्यानेच मला शंका आली. विद्यापीठात पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं, जे खरं व्हावंसं वाटतं तेच आधी तपासा. मी ते परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माझी मोजणी चुकली नव्हती. पण खडक राखण्याआधी तिथे किती शिंपले होते, हे मी मोजलंच नव्हतं. बंद ठेवल्याने फायदा होतही असेल, मला माहीत नाही. एवढंच मला आज खात्रीने सांगता येतं.

म्हणून शुक्रवारच्या बोटीने येते आहे. अहवाल मागे घेते, असं सभेत उभी राहून सांगेन. बंद करण्याआधी पूर्वेचा खडक आणि उघडा राहणारा एक खडक, दोन्ही मोजू, बायकांनाही मोजणीला घेऊ, मगच ठरवा म्हणेन. मामा चिडतील. पदवी घेऊन पोरगी उलटी बोलते म्हणतील, म्हणू देत. पण त्याआधी त्या दिवशीच्या बोलण्याची तुझी माफी मागायची होती. आणि एक विचारायचं होतं. चूक कशी सापडली, असं कुणी ना कुणी विचारेलच. तुला चारचौघांत नाव घेतलेलं आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण तो प्रश्न तुझा होता, आणि मी गप्प राहिले तर सगळे तो माझा समजतील. सभेत तुझं नाव घेऊ का? बोटीवर घ्यायला आलीस की सांग.

तुझीच,
उलामिला