आईच्या गाठीची दुसरी सुई

बुधवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ, कोइमतूर.

दिवसभर लेथवर हात चालले, डोकं मात्र निफाडला. आई उद्या नाशिकला जाणार की नाय? छातीतल्या गाठीचा मागच्या वेळी काढलेला तुकडा तपासणीला पुरला नाय, म्हणून परत सुई लावायची. तर आई म्हणे, "सुई लावली की गाठ पसरते."

मला डॉक्टरांनी फोनवर नीट सांगितलंय. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. बाहेरून आलेला वाढीचा निरोप तेच पकडतात. त्यातली एक जात पेशीवर लय दाटली असेल, तर नेमकं तिलाच चिकटणारं इंजेक्शन हाय. पण ती हाय का, हे आधी बघायला तर पाहिजे. त्यासाठी सुई.

आईला फोनवर म्हणलं, "व्यापारी द्राक्षाचे चार मणी फोडून साखर बघतो, त्यानं बाग नासते का?"

"मी काय बाग हाय का रं, मुडद्या?" पण हसली. मग म्हणाली, "वहिनीला सांग, उद्या नाशिकला डबा दोघींचा कर, तिचा नि माझा."

रिसेप्टरची ती जात पेशीवर नसलीच तर? तर दुसरं औषध, डॉक्टर म्हणालेच. मी उगाच एवढ्या लांबून घाबरतोय. जाणार ती. सुईला भ्यालेली बाई डबा मागत नाय.