मान वर जात नाही

शनिवार, ४ ऑक्टोबर

मान धरली. उजवीकडे वळते, डावीकडे कुरकुरत वळते, खाली हवी तितकी जाते — वर मात्र जात नाही. सकाळी दाढी करताना हनुवटीखालचं तसंच राहिलं. सलवा म्हणाली, "निम्मी दाढी ठेवायची फॅशन आलीय का बाजारात?" लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हिची जीभ काही कधी धरत नाही.

दुकानात दिवसभर एकच घड्याळ. बायकी, जुनं, पोटातले स्क्रू खसखशीएवढे. बाकावर बसलो की मान आपोआप खाली जाते. तिथे तिला बरं वाटतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज घात झाला.

दुपारी सलवा दुकानात आली. डोळ्याला भिंग, ओठांत तीन स्क्रू — अशा वेळी माझ्याशी बोलू नये हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच ती अशा वेळी बोलते. "आपल्या देमाच्या दवाखान्यातला तो वाएल, माना-पाठींचा इलाज करतो तो — त्याच्या घरचे वडीलधाऱ्यांची जाहा घेऊन यायचं म्हणतात. देमाला मागणी घालायला. या म्हणून कळवू?"

अम्मानमधला कोणताही बाप देईल ते उत्तर मी दिलं. हनुवटी वर झटकली, सोबत जिभेचं च्च. म्हणजे नाही. हे तान्ह्या पोरालाही कळतं.

पण हनुवटी वर गेलीच नाही. अर्ध्यात कळ आली आणि मान खाली आपटली. च्च करावं तर ओठांत स्क्रू. आणि मान खाली म्हणजे हो.

"अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो, मला वाटलं होतं तुम्ही फाटे फोडाल," म्हणत ती निघालीसुद्धा. मी तिन्ही स्क्रू वाटीत ठेवून उठेपर्यंत तिने शेजारच्या कुनाफा मिठाईवाल्याला, फौजीला, सांगून टाकलं होतं. फौजीला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली.

वाएल मुलगा वाईट नाही. पण डिसेंबरात त्याची बदली होतेय अकाबाला. चार तासांचा रस्ता! मला एकच मुलगी आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

तोंडाने सांगून टाकायचं ठरवलं. जेवताना सुरुवात केली, "सलवा, ते जाहाचं जरा—"

"चोवीस तारीख, शुक्रवार, दुपारी असरच्या नमाजानंतर. अबू ग़ालेब काकांना कळवलंय. खुर्च्या साठ."

देमाने माझ्या ताटात आणखी मक़लूबा वाढली, भातातली वांग्याची सगळ्यात मोठी फोड माझ्या बाजूला सरकवली. मी खाल्ली. देमाला मी तोंडाने कधी नाही म्हटलेलं नाही. हनुवटीनेच म्हणायचो, तेही ती बघत नसताना.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उपाय सापडला!

जाहाला आमच्याकडून उत्तर द्यायचं ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणजे अबू ग़ालेब काकांनी. काका ठार बहिरे. समोरच्यांचं भाषण संपलं की ते माझ्याकडे बघणार, मी खूण करणार आणि ते बोलणार. मी हनुवटी वर केली की काका शांतपणे म्हणतील, "आम्हाला विचार करायला अवधी द्या." साठ माणसं हात हलवत परत. आणि दोष कुणाचा? बहिऱ्या काकांचा.

म्हणजे चोवीस तारखेपर्यंत मान वर गेली पाहिजे. सलवाला म्हटलं, मानेचा इलाज करून घेतो. ती इतकी खूश झाली की मला भीतीच वाटली. "मग घरचाच माणूस आहे की! वाएललाच सांगते."

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वाएल दुकानात येऊन अर्धा तास नुसता मला काम करताना बघत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही घड्याळापाशी जाता. घड्याळाला तुमच्यापाशी येऊ द्या."

त्याचं म्हणणं, डोकं म्हणजे एक टरबूज. खांद्यांच्या बरोबर वर ठेवलं तर सगळं अंग मिळून उचलतं. पुढे काढलं की एकटी मान लटकवून धरते. मी चाळीस वर्षं टरबूज लटकवून बसलोय.

"आणि हे बाक इतकं बुटकं का? घड्याळजीचं बाक छातीला लागेल इतकं उंच हवं."

"माझ्या वडिलांचं आहे," मी म्हणालो. यापुढे बोलायचं नाही असा त्याचा अर्थ.

फौजी दारातच उभा. "वडिलांनी ते वरच्या गल्लीतल्या चांभाराकडून घेतलं होतं. बघ, खिळ्यांची भोकं अजून आहेत."

ती भोकं मी आजवर स्क्रू ठेवायची सोय समजत होतो.

फौजीने तुपाचे चार रिकामे डबे दिले, ते बाकाच्या पायांखाली गेले. पाठीमागे सलवाची उशी आली. "चोवीसपर्यंत मान वर जायला हवी," मी वाएलला बजावलं. हुकूम मान्य म्हणून त्याने हात डोक्याला लावला. "डोक्यावर, काका!"

"डोक्यावर नको रे," मी म्हणालो. "मानेला झेपत नाही."

शनिवार, ११ ऑक्टोबर

ताठ बसलो. एक बाई दारातून डोकावली. "घड्याळजी जेवायला गेलेत का?"

"मीच तो."

"अय्या, तुम्हाला चेहरा आहे होय."

दुसरा एकजण म्हणाला, नुसतेच बसलायत तर माझं घड्याळ तरी द्या. हातात त्याचंच घड्याळ होतं! मान मोडून बसलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, काम चाललंय. ताठ बसलो तर फौजी म्हणतो, गावचा मुख्तार झालास का?

मीही लोकांना आजवर मनगटांवरून ओळखत होतो. आज कळलं, अर्ध्या बाजाराला टक्कल पडलंय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

व्यायाम — हनुवटी आत ओढायची, जशी खोटी नोट बघून माणूस मागे सरकतो तशी. दहा वेळा. आणि दर वीस मिनिटांनी उठून उभं राहायचं. एका जागी ताठ बसणं हेही वाईटच म्हणे.

वीस मिनिटं लक्षात कशी राहणार? दुकानात गजराची एकतीस घड्याळं दुरुस्तीला आलेली. उत्साहाच्या भरात सगळ्यांना वीस मिनिटं लावली. दहा वाजून वीस मिनिटांनी एकतीसही बोंबलली. शेजारी फौजी कुनाफाची परात उलटवत होता. परात उलटली, पण फौजीवर.

तीस बंद केली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सुट्टी. वाएल घरी येऊन मान दाबून गेला. बोटं चांगली आहेत पोराची. जे दार त्याच्याच तोंडावर आपटणार, त्याच्या बिजागरीला बिचारा तेल घालतोय.

"बरी होईल ना शुक्रवारपर्यंत?" मी विचारलं.

"इंशाल्ला. त्या दिवशी तुमची मान ताठ असायला हवी, काका."

मला स्वतःची लाज वाटली. थोडीच.

सोमवार, २० ऑक्टोबर

भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते दिसलं! परवापर्यंत नुसता लंबक दिसायचा.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

देमा नवे पडदे शिवतेय. कुठल्या खिडकीचे ते मी विचारलं नाही. आमच्या खिडक्या इतक्या रुंद नाहीत.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

वाएल दुकानात आला. "कशी आहे?"

मी म्हटलं, "काही फरक नाही."

त्याचा चेहरा उतरला. बाक हलवून बघितलं, डबे मोजले, उशी थोपटली. "सगळं बरोबर आहे, काका. मग का नाही?"

मी भिंग डोळ्याला लावलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

साठ खुर्च्या कमी पडल्या. फौजी घरच्या माणसासारखा मिरवत होता. मला पहिल्या रांगेत बसवलं, पाठीमागे सलवाची उशी. अबू ग़ालेब काका माझ्या शेजारी, हात कानामागे.

त्यांच्या बाजूने वाएलचा मामा उठला, मिशा दाराच्या पितळी मुठींसारख्या. त्याच्यापुढे कॉफीचा पेला आला. त्याने तो खाली ठेवला, हात लावला नाही. "आम्ही तुमच्या दारी आलोय. देमाला आमच्या वाएलसाठी द्या. तुमचा शब्द मिळेपर्यंत ही कॉफी अशीच राहील." मागणी एवढीच होती, भाषण मात्र आजोबा-पणजोबांपासून सुरू झालं.

काकांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे वळले. मग अख्खी बैठक माझ्याकडे वळली. वाएल तिकडे टोकाला बसला होता, तो माझ्या मानेकडे बघत होता. आतल्या दाराची फट बोटभर उघडी होती, तिथे देमा असणार हे मला माहीत होतं. कॉफीवरची वाफ हळूहळू कमी होत गेली.

माझी मान खाली गेली.

"प्या तुमची कॉफी!" काका ओरडले. बहिरी माणसं बोलतात तसे, पार खालच्या बाजारात ऐकू जाईल असे. आतून पहिली आनंदाची किलकारी सलवाची. फौजीच्या डोळ्यांत पाणी, जणू मुलगी त्याचीच.

वाएलने मला मिठी मारली, हळूच, मानेला धक्का न लावता. कानात म्हणाला, "मान अजून अडकलेलीच आहे ना, काका? माझीच चूक. पण सोडणार नाही. ती पूर्ण सुटेपर्यंत महिन्यातून दोनदा अकाबाहून येईन. देमाला घेऊन."

"ये बाबा," मी म्हणालो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

एक गोष्ट या वहीलासुद्धा सांगितली नव्हती.

गुरुवारी सकाळी दुकानाला निघालो होतो. खाली रस्त्यावर आलो, तर वरून हाक आली, "बाबा, डबा!" मी विचार न करता वर बघितलं. सरळ वर, चौथ्या मजल्यापर्यंत. कळ नाही, कुरकुर नाही. देमा दोरीने टोपली खाली सोडत होती आणि हसत होती. किती वर्षांनी तिला असं खालून बघितलं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

म्हणजे मान पूर्ण सुटली आहे. हे कुणाला कळता कामा नये. वाएल महिन्यातून दोनदा येणार आहे, देमाला घेऊन.

आज बाकाखालचे डबे काढले.