बंदूक अडली की हात

झांबेझीकाठ, छावणी

बाबा,
इथूनच टाळी वाजवून नमस्कार. मी बरा आहे, मक्याचा सड्झा पोटभर जेवायला मिळतो, आईला सांगा.

शिकारीला आलेल्या पाहुण्यांच्या मागे राखणीला उभं राहायला मला दोनांतली एक रायफल निवडायचीय आणि डोकं चक्रावलंय. नवी लोण्यासारखी चालते, पण उलटी धरून काडतूस चढवायचा बोल्ट ओढून पुढे ढकलला की काडतूस खाली पडतं. जुनी कशीही धरा, काडतूस सोडत नाही, पण खांदा काळानिळा करते. हे आईला सांगू नका.

काल कागदी रेड्यावर जुनी चालवली. दुसऱ्या वेळी नुसतं टक् झालं. आमचे म्हातारे शिकारी चाकानेत्सा म्हणाले, "बंदूक ठीक आहे रे. घाईत तू बोल्ट अर्धाच ओढलास, काडतूस चढलंच नाही. रानरेडा तुमचं देवक ना? मग थांबेल तो तुझ्यासाठी." सगळे हसले. मीही हसलो.

आता कुठली घ्यावी, काही सुधरत नाही. रेड्याने तुमचा पाय मोडला तेव्हा बंदूक अडली, असं तुम्ही घरी सांगितलं होतंत. बाबा, खरंच बंदूकच अडली होती का?

काय असेल ते कळवा. गुडघा शेकत जा.

तुमचा,
तेंदेकायी