मेलेल्यांचा डावा हात

१२ सप्टेंबर १८४४
पोचलो एकदाचे अमेरिकेत, आमच्या पंथाच्या गावी! लिव्हरपूलहून दहा आठवडे जहाज, मग नदीतून आगबोट. माझ्या बायकोला, टॅबिथाला, सातवा महिना, तरी धक्क्यावर उतरताच खुदकन हसली. बंधूंनी मक्याची भाकर दिली. माझं अक्षर पाहून मला लगेच सभेचा कारकून केलं. घर मात्र नवा अध्यक्ष सही करेल तेव्हा. तोवर गोठ्यालगतची शेड. जूनमध्ये तुरुंगात आमच्या प्रेषितांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. आठवडाभरात ठरेलच.

२२ सप्टेंबर
काही ठरलं नाही. नाव पुकारायचं, मान्य असेल त्याने उजवा हात वर करायचा, ही आमची रीत. उमेदवार दोन, दोघेही एल्डर, म्हणजे पंथातले वडीलधारे. मी हात मोजले: एल्डर लॅथ्रॉप एकशे चाळीस, एल्डर क्विम्बी एकशे चाळीस. लॅथ्रॉप म्हणाला, कारकून आंधळा आहे. क्विम्बी म्हणाला, आंधळा कसला, फितूर आहे! गाढवासारखं राबावं आणि वर हे ऐकावं.

२९ सप्टेंबर
आम्ही दोघांनी नदीत बुडी घेतली. मी माझ्या वडिलांच्या नावाने, टॅबिथाने आईच्या. जिवंताने अशी बुडी घेतली की मेलेला आपल्या पंथात येतो. इथे प्रत्येकाने कुणा ना कुणासाठी घेतली आहे. दुपारी पुन्हा मतं घेतली, पुन्हा बरोबरी.

६ ऑक्टोबर
तिसऱ्यांदा बरोबरी! शेड गळते आहे, टॅबिथा तापाने फणफणली आहे. विटांची दोन घरं कुलूप लावून पडलीत आणि हे दोघे हटायला तयार नाहीत. माझं डोकंच फिरलं. भरसभेत ओरडलो, "जिवंतांच्यानं काही होत नाही ना? मग मेलेल्यांनाच विचारा!"
कुणी हसलं नाही. लॅथ्रॉपने ते माझ्याकडूनच नोंदवून घेतलं.

१० ऑक्टोबर
मूर्खांनी खरंच ठराव केला. स्वतःसाठी उजवा हात, ज्याच्या नावाने बुडी घेतली त्या मेलेल्यासाठी डावा. मी रागात बोललो, यांनी नियम केला.

१३ ऑक्टोबर
भर दुपारी सभा. लॅथ्रॉपच्या नावाला डावा हात एकही नाही. क्विम्बीलाही नाही. मग म्हातारी सिस्टर ऑलिव्ह उठली. पुरुषी आवाजात म्हणाली, "ईनक पिलिंग."
माझं नाव. सगळे डावे हात वर गेले. टॅबिथाचाही. माझाही. उजव्याने खाली ओढला, येईना. गार होता, ओलासुद्धा.

१४ ऑक्टोबर
कुणाचाच हात खाली येत नाही. बायका एका हाताने दूध काढताहेत — क्विम्बी म्हणतो, मेलेल्यांनी आपला अध्यक्ष निवडला, त्याने त्यांच्यात जायला हवं. लॅथ्रॉप म्हणतो, अगदी बरोबर. या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं! मी रागात बोललो होतो, हे ओरडून सांगितलं — ऐकतो कोण —

१५ ऑक्टोबर
घर मिळालं. अध्यक्षाच्या कुटुंबासाठी, असं म्हणून क्विम्बीने किल्ली टॅबिथाच्या उजव्या हातात ठेवली. दोन खिडक्या, मोठी शेगडी. ती आनंदाने रडली. मला भीती वाटते —
पळायचं म्हटलं तर तिला चालवत नाही.

१६ ऑक्टोबर
बुडी घेताना घालायचे पांढरे कपडे आणून दिलेत. नदीकाठी सगळे जमलेत, हात वर —
टॅबिथा विचारते, जेवायला येशील ना —
लॅथ्रॉप आणि क्विम्बी दोघेही दारात उभे आहेत. तिला म्हटलं, शेगडी विझू देऊ नकोस, मी —