तांबूला गाणं लागतं

अवसरी बुद्रुक,
गुरुवार

ती. रखमाजीदादास,
धाकट्या प्रयागचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुझा खोकला कसा आहे? वहिनींनी दिलेला काढा पितोस, की मागच्यासारखा तुळशीत ओततोस? फोनच केला असता, पण आमच्याकडे स्पीकर लावल्याशिवाय कोणी बोलत नाही आणि ही गोष्ट ओसरीभर करण्यासारखी नाही. शेजारची साळुबाई तुमच्या पिंपळवंडीला लेकीकडे निघाली आहे, तिच्या हाती पत्र देते. (तिला चहा पाज, पण काही विचारू नकोस. सांगायला बसली की उठत नाही.)

तू भाऊबीजेला दिलेला गाण्यांचा प्लेअर आठवतो ना, विटेएवढा, भूपाळीपासून लावणीपर्यंत सगळं भरलेला? तो गोठ्यात खुंटीला असतो. धार काढताना मी तो लावते. त्याशिवाय आमची तांबू पान्हा सोडत नाही, हे आता आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पप्पूला मात्र पटेना. मोबाईलमध्ये जगातली गाणी असताना हा डबा कशाला, भंगारात घाल म्हणे. पोरगा माझाच, पण नवा मोबाईल घेतल्यापासून त्याला घरातली प्रत्येक वस्तू भंगार दिसते (त्यात मीही आले असेन).

म्हणून मागच्या रविवारी परीक्षा झाली. आमचे हे गोठ्याच्या दारात खाट टाकून बसले. पप्पूने मोबाईल गव्हाणीवर ठेवला. पहिलं गाणं रंगात येतंय तोच मध्येच एक बाई कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून ओरडली. ती थांबली तर पप्पूच्या मित्राचा फोन, गाणं बंद, आणि हा तिथेच उभा राहून बोलतोय. तांबूने अशी लाथ झाडली की बादली यांच्या खाटेपर्यंत गेली. मग मी प्लेअर लावला, गाय गपगुमान उभी. पप्पू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला मात्र वेळेवर आला.

पण झालं भलतंच. पप्पू चाकणला कामाला जातो, यांची पाठ धरते, वैरण आणायची कोणी? म्हणून तांबू विकायचं ठरलं. जुन्नरचे वलीभाई व्यापारी गाय बघायला आले. माणूस सरळ आहे. यांनी मिशीवर हात फिरवत परीक्षेची हकीकत सांगितली, तशी वलीभाईंनी भाव वाढवला आणि म्हणाले, "पर प्रयागताई, डबा गाईसंगं द्यावा लागंल. बाजारात गिऱ्हाइकाला दावायला नको का?" यांनी मला न विचारता मान हलवली, वर इसाराचे पैसेही घेतले. मी म्हटलं, गाय विकली तरी तिच्या गळ्यातलं दावं आपण घरीच ठेवतो, मग प्लेअर कसा जाईल? तर हे म्हणतात, "दाव्याबिगर गाय दूध देती. डब्याबिगर न्हाई देत, तूच म्हनली व्हतीस."

त्याच्या बदली मला मोबाईल घेऊन देणार आहेत. मला तो नको, दादा. मोबाईल हातात आला की ज्याला हवी त्याला मी सापडते. चटणी कुठे आहे, मोटार बंद केली का, सगळं त्यातूनच विचारतील. प्लेअरमधून मला आजवर कोणी हाक मारलेली नाही.

तुझी,
प्रयाग

ता. क. रविवारी वलीभाई टेम्पो घेऊन येतील, सोमवारी बेल्ह्याचा बाजार. त्याआधी तू ये आणि चारचौघांत सांग की भाऊबीजेची ओवाळणी बहिणीच्या घराबाहेर जात नाही. असा नियम नाही, मला माहीत आहे. पण तू थोरला, तू बोललास की होतो.

आणखी एक. तुला म्हणून सांगते, तांबूला गाणं लागत नाही. परीक्षेच्या दिवशी तिने लाथ मारली ती मी चिमटा काढला म्हणून. गाणं मला लागतं. नुसतं मला ऐकायचंय म्हटलं असतं तर या घरात कोणी ऐकू दिलं असतं का? दिवसात तेवढाच वेळ माझा आहे. तो गेला तर मला फार जड जाईल.

शेवटचं. गाय गेल्यावर गाणी कोणासाठी, असं हे विचारतीलच. म्हणून कालपासून धार झाली की प्लेअर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी टांगते. गाणं लागलं नाही त्या दिवशी अंडी कमी भरतील, तेवढी सोय केली आहे. येताना पिशवी आण. लपवलेली अंडी वहिनींना देते.