टाकीचं झाकण

त्या दिवशी सकाळीच तुले बिघाड माहीत होता, बा, अन् तरी तू बोलला नाही. मेडशीच्या पाटलाच्या विहिरीवर डिझेल इंजिन बंद पडलेलं, गहू पाण्यावर आलेला, अन् तू मले म्हणतो, "तू पाह्य. मी सांगणार नाही." चौथीतून शाळा सुटली, इंजिन तरी शिकव म्हणलं, तर हे तुझं शिकवणं! मी हेड उतरवलं, पिस्टन काढला, दिवस मावळेपर्यंत सगळं पोत्यावर पसरलं. पाटील म्हणे, "दुरुस्ती करून राह्यला का दुकान मांडून राह्यला?" गडी खदखदले. मंग तू सगळं परत बसवायले लावलं, डिझेलच्या नळीचा एक नट सैल केला, कोंडलेली हवा काढली, हँडल मारलं. चालू. त्याच हप्त्यात मी घर सोडलं. चारचौघांत फजिती कायले केली, हे इचारायच्या आत तू गेला.

आता पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात हेल्पर आहे. झाडतो, पाने पुसून देतो. एक नवे सर आलेत, ते फळ्यावर लिहीतच नाहीत. चौघाचौघांपुढं बिघडलेलं इंजिन ठेवतात, "का बंद पडतं, तुम्हीच शोधा. पुस्तक लागेल तेव्हा उघडा." पोरांनी प्रिन्सिपॉलकडं अर्ज केला, सर शिकवत नाहीत. ठरलं, शनिवारपर्यंत राह्यलेलं एक इंजिन चाललं नाही तर पुन्हा फळा. शुक्रवारी अर्जावर सही न केलेला एक पोरगा स्टोअरमधी मागं आला. "भाऊ, तुम्हाला कळलंय. सांगा ना, कोणाला नाही कळणार." मले कळलंच होतं. पाच मिनिटं चालून मरे, म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं, हवा आत शिरत नाही तं डिझेल खाली उतरत नाही. तोंडाशी आलं होतं. सांगितलं तर इंजिन चालते, फळाही टळते, पण पोरांनी सोताच शोधायची सरांची रीत बुडते. "तुमीच पाह्या," म्हणलं. "माजलाय," म्हणून गेला. बा, हात बांधून उभं राहणं हेड उतरवण्याहून जड आहे. तुलेही गेलं असल.

शनिवारी पोरांनी डिझेल पाह्यले झाकण काढलं, लावायचं राह्यलं, अन् इंजिन थांबेचना! मंग काहून चाललं यावर पोरं तासभर भांडली, पुस्तक आपणहून उघडलं. सरांनी मले इचारलं, "तुला माहीत होतं ना?" हो म्हणलं. त्यांनी संध्याकाळच्या फिटर वर्गाचा फॉर्म हातात दिला. भरला. यंदा पुस्तकाले भ्यायचं नाही, पास होऊनच दम घेईन. पण पाटलादेखत नको होतं, यावर मी अजून भांडीन.

हे पत्र टाकायचं नाही, मनीऑर्डर तेवढी टाकतो. आईले लिहिलं, पगार कापला. खोटं आहे, वर्गाची फी भरली. दर महिन्याले चाळीस धाडत होतो. ह्या खेपेले पंधरा रुपये.