ठिपके गेल्यावर

बाबा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की ती काचेची टाकी शेवटी कोणाला दिली, हेही मला नीट आठवत नाही. पण आज बाजारातून येताना एका दुकानात समुद्रातल्या माशांची टाकी दिसली आणि त्यातल्या एका माशाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके होते. मी थांबले तसं दुकानदाराने विचारलं, "आंटी, काय देऊ?" काही नको म्हटलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आहे, कारण कोरा कागद खर्ची घालायला अजूनही माझा हात धजत नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घर सांभाळत होते. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवून यायचात आणि ओट्यावर बसून राहायचात. संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला तुमचे ओठ हलायचे, पण आवाज नसायचा. मग एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तुम्ही समुद्राकडे गेलात आणि ओहोटीच्या डबक्यातले चार मासे बरणीत घालून आणलेत, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले. शाळेत पडून असलेली टाकी आली, वाळू आली, शंखात राहणारे दोन खेकडे आले, सायकलला कॅन बांधून खारं पाणी आलं. जेवताना तुम्ही मला सांगायला लागलात की कोणता मासा दांडगट आहे आणि कोणता भित्रा. घरात पुन्हा माणसाचा आवाज आला. म्हणून मी त्या माशांना जपत होते. ते मेले असते तर तुम्ही पुन्हा ओट्यावर जाऊन बसला असतात, याचीच मला भीती.

आणि तेच आजारी पडले. आधी दगडाला अंग घासायला लागले, मग धापा टाकायला लागले, मग ते ठिपके. तुम्ही पुस्तकं धुंडाळलीत, सायन्स कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना जाऊन भेटलात आणि परत आलात ते मोरचूद शोधत. ते शेजारच्या मावशीकडेच होतं, पानवेलींवर फवारायचं. मावशी पुडी बांधता बांधता म्हणाली, "मास्तर, वेलींना घालतो तसा चुनाही कालवून देऊ काय?" तुम्ही दचकलात. "नको गं बाई, चुन्याने सगळंच बिघडेल." मोरचुदाने खेकडे मरतात, म्हणून खेकडे टाकीतच ठेवले आणि मासे माझ्या कपडे भिजवायच्या प्लास्टिकच्या टबात आले. तुम्ही थेंब मोजून घालताय, मी शेजारी बसून कपाळा-छातीवर क्रूसाची खूण करतेय, आणि दारात टोपली घेऊन आलेली कोळीण हसून हसून बेजार होतेय. "आजारी मासा आमी सुकवतो, मास्तर! तुमी त्याला दवा पाजता? मंग माझ्या टोपलीतल्यांना पन एकेक थेंब द्या." तुम्हीही हसलात. किती महिन्यांनी हसलात, बाबा.

दोन मासे दगावले. उरलेल्या दोघांच्या अंगावरचे ठिपके थोड्याच दिवसांत गेले, अगदी पुसल्यासारखे. खायलाही लागले. मी माझी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना त्यांच्यासाठी चालवली होती, ती त्याच दिवशी पुरी झाली. मला वाटलं, देवाने ऐकलं. स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि म्हटलं, "बाबा, आता सोडू या ना टाकीत. एक ठिपका नाही. बरे झाले."

तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. त्या दिवशी ओरडलात. "बरं दिसतंय म्हणजे बरं झालं नाही!"

मग आवाज खाली आणून, वर्गात सांगावं तसं सांगितलंत. ठिपका दिसेनासा झाला म्हणजे किडा मेला असं नाही, तो अंगावरून सुटून खाली वाळूत उतरलाय. तिथे कवच करून बसतो, एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत वर येतात. मासाच मिळाला नाही तर उपाशी मरतात. म्हणून टाकी माशांविना ठेवायची, आणि टबात औषध चालूच ठेवायचं. एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे न बघता परसात निघून गेलात. मी चुलीपाशी उभी राहिले. आपल्या दोघांच्याही मनात एकच होतं. आईचा ताप उतरला होता, अंग भरलं होतं, खोकला थांबला होता. डॉक्टर म्हणाले होते, क्षयाची इंजेक्शनं मध्ये सोडू नका. आई म्हणाली, "आता पुरे हो, किती टोचून घेऊ?" आणि तुम्ही म्हणालात, "बरी झालीस की. चल, नवस फेडून येऊ." इंजेक्शनं सोडून आपण तिघं नवस फेडायला गेलो होतो, मी नवं पोलकं घातलं होतं.

त्यानंतर कितीतरी आठवडे ती टाकी तशीच राहिली, नुसतं पाणी, वाळू आणि खेकडे. तुम्ही रोज शाळेतून येऊन तिच्यासमोर बसायचात. कोळीण म्हणायची, "मास्तर, नुसतं पानी काय बघता?" मावशी मला बाजूला घेऊन विचारायची, "तुझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?" तुम्ही खेकड्यांना खायला घालून पुन्हा तिथेच बसायचात. मी मासे सोडायचा आग्रह पुन्हा धरला नाही. शेवटी मासे टाकीत सोडलेत, ते जगले, पुढे चांगले वाढले. तुम्ही मला हाक मारलीत, "ये, बघ." मी म्हटलं, "भात करपेल," आणि आले नाही.

भात उतरवून झाला होता. माझ्या मनात एवढंच होतं की ही वाट आईसाठी का नाही पाहिलीत. तुम्ही स्वतःला रोज त्या पाण्यासमोर बसून हेच विचारत होतात, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी कधी विचारलं नाही, आणि पापनिवेदनातही तो राग कधी सांगितला नाही.

हे पान कुठे पाठवायचं, ते काही मला ठाऊक नाही. माझी मुलं विचारतात, आजोबा कसे होते. मी सांगते, फार सबुरीचे होते. ते खोटं नाही. फक्त ती सबुरी तुमच्यात कधी आली, ते मी त्यांना सांगत नाही.